लखूनानांचं शीड

कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत सुरू करण्याआधी घराची पूर्वेची खिडकी उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खिडकी उघडायची, बोट ओलं करून बाहेर धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मागे वळून मला सांगायचं, "हाय. लावा." वारा नसेल तर, "नाय. चा घ्या," म्हणून कॉम्प्युटरवर पुन्हा चादर टाकायची. गाडी पडद्यावर, रस्ता पडद्यावर, आणि वारा मात्र बोईसरचा.

हे लखूनाना तांडेल. बोईसरला नवापूर रोडवर आमच्या समोरच्या दाराचे शेजारी. गाव नवापूर, आणि उभा जन्म होडीवर गेलेला. तांडेल हे त्यांचं आडनाव, आणि होडीवर जो मुख्य असतो त्यालाही तांडेलच म्हणतात, त्यामुळे हा माणूस दोन्ही बाजूंनी तांडेल होता. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा होडी पुतण्याकडे सोपवली आणि मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये जमनामावशींसह राहायला आले. मुलगा दिनेश बहारीनला फिटर. फ्लॅट चांगला हवेशीर, नळाला पाणी, घरात फोन. पण नानांचं मन लागेना. घर हलत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. "झोप लागंल कशी? सगळं गच्च हाय," असं ते भिंतीवर थापटी मारून सांगायचे.

घर हलत नव्हतं, पण बाकी जे जे हलतं त्याची जुळणी करायचा त्यांना नाद. रोज सकाळी ते सहा-आसनी रिक्षाने नवापूरला जाऊन होड्या बघून यायचे. रिक्षा सहा-आसनी म्हणायची एवढंच, आत डझनभर माणसं असायची. नाना चढले की आधी सगळ्यांना उठवायचे. "ओ बाय, तुमी इकडं या. पाटी मागं ठेवा. मास्तर, तुमी जाडे, तुमी मधी बसा. निरम चुकलंय." निरम म्हणजे होडी डोलू नये म्हणून तिच्या तळाला ठेवतात ते वजन, बहुतेक वेळा दगडच. मास्तरांना कळायचं नाही की आपल्याला दगड म्हटलंय. कळायचं त्या दिवशी ते पुढची रिक्षा पकडायचे. पण रिक्षावाला शपथेवर सांगायचा, "नाना बैठते हैं तो गाडी खड्डे में कम पटकती है."

एकदा मी आणि माझी बायको सुनंदा स्कूटरवरून बाजारातून येत होतो. नाना नाक्यावर उभे होते. त्यांनी हात करून थांबवलं, स्कूटरकडे मान वाकडी करून पाहिलं आणि सुनंदाला म्हणाले, "वैनी, एक चिमूट पुढं सरका. सगळं निरम मागं झालंय." मी मूर्खासारखं निरम म्हणजे काय ते घरी गेल्यावर समजावून सांगितलं. सुनंदाने नानांकडून आलेली सुकट आठवडाभर हातात घेतली नाही.

'एक चिमूट' हे नानांचं माप होतं. मिठापासून मोटारीपर्यंत सगळं चिमटीत. आणि मोटार त्यांच्या आयुष्यात आली ती दिनेशमुळे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. दिनेश सुट्टीवर आला तेव्हा त्याने घरात कॉम्प्युटर घेतला आणि मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ त्यात घालून दिला. आपली पोरं खेळतात तसला नव्हे. यात गाडी नुसती पळवायची नसते, आधी तिची जुळणी करायची असते. गाडीला पुढे एक पंख, मागे एक पंख. स्प्रिंग कडक की नरम, ब्रेक पुढे जास्त की मागे, गाडी जमिनीपासून किती उचललेली, प्रत्येकाचा आकडा आपण ठरवायचा आणि मग फेरी मारून बघायचं. बहारीनला दिनेशच्या खोलीत हाच खेळ होता. एकच ट्रॅक दोघांनी ठरवून घेतला होता. दर रविवारी दिनेशचा फोन आला की ज्याने त्याने आपल्या सगळ्यात वेगवान फेरीची वेळ सांगायची. नानांच्या मनात एकच गोष्ट होती. "पोराला एकदा मागं टाकायचा हाय. एकदाच."

अडचण अशी होती की नाना स्वतः गाडी चालवू शकत नव्हते. आयुष्यभर दोर ओढून त्यांची बोटं गाजराएवढी झालेली. एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची आणि गाडी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरायची. म्हणून एके दिवशी जिन्यात त्यांनी माझा हात पकडला आणि म्हणाले, "बोटं दाखवा." मला वाटलं भविष्य बघतात की काय. मी तळवा पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, बोटं चाचपली आणि खूश होऊन म्हणाले, "बारीक हायत. बाईमानसावानी. उद्या या सकाळी." रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपरचं काम करून माझी बोटं तशी राहिली होती हे खरं. पण ते असं जिन्यात, शेजाऱ्यांसमोर ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

अशा रीतीने मी लखूनानांचा खलाशी झालो.

मी मिरजेचा. पण घाटाच्या वरचा प्रत्येक माणूस नानांच्या हिशेबी सातारचा, म्हणून मला ते 'सातारकर' म्हणायचे. ड्यूटीवर जाण्याआधी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. नाना माझ्या मागे उभे, दोन्ही हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर काय आहे ते दिनेशने पाठ करून घेतलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीचं त्यांनी आपल्या सोयीने बारसं केलं होतं. गाडीचं नाक ही नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक. ब्रेक हा नांगर. आणि ते दोन पंख ही अर्थातच शिडं. पुढचं शीड आणि मागचं शीड.

वळण आलं की मागून आरोळी यायची, "नांगर! नांगर टाक रं!" पहिल्या दिवशी मी दचकून बटणच सोडलं आणि गाडी प्रेक्षकांत घातली.

फेरी संपली की नानांचा प्रश्न ठरलेला. "काय बोलते?"

मी पहिल्यांदा म्हणालो, "ठीक आहे."

"ठीक हाय? इचारलं तर वैनीपण बोलतील, ठीक हाय. गाडी काय बोलते ते सांगा. होडी पान्यात गेली का लाकूड बोलतं. ही पण बोलत आसंल."

मग हळूहळू मलाही ऐकू येऊ लागलं. वळणावर नाक सरळच जातंय, मागचा भाग घसरतोय, ब्रेक मारला की डावीकडे ओढतेय. मी सांगायचो, नाना डोळे मिटून ऐकायचे, आणि मग हुकूम यायचा. "नाळ वळत नाय? पुढच्या शिडाला एक चिमूट वाढवा." पुन्हा फेरी. "आता?" "आता बरी वळते." "बरी नको. आजून बसली नाय." गाडी बसणं म्हणजे सगळं जुळून येणं. माझ्या हाताखाली ती गाडी काही केल्या बसत नव्हती, पण नानांचं एक होतं, ते एका वेळी एकच गोष्ट बदलायचे. दोन गोष्टी एकदम बदलायला मी गेलो तर हातावर चापट बसायची. "दोन दोर एकदम सोडले तर कुटल्यानं काय झालं ते कसं कलनार?"

नारळी पौर्णिमेला त्यांनी समुद्राला नारळ वाहिला, होडीला वाहिला आणि घरी येऊन एक कॉम्प्युटरसमोर फोडला. पडद्याला झेंडूचा हार, कीबोर्डला गंध, आणि माऊसला हळदकुंकू. त्या काळच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. कुंकू तिच्यात गेलं आणि पडद्यावरचा बाण एका जागी बसला तो बसलाच. मी माऊस उघडून कापसाने साफ करत होतो आणि नाना शेजारी हात जोडून उभे. जमनामावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गाडी नाय बसली, उंदीर बसला."

आता त्या पूर्वेच्या खिडकीचं सांगतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला किनाऱ्यावर मतलई म्हणतात. त्या वाऱ्यावर शिडाची होडी बाहेर काढायची, ही नानांच्या तरुणपणची रीत. आणि त्यांच्या मोटारीला तर दोन शिडं होती. म्हणून खेळायचं ते सकाळीच, आणि तेही पूर्वेची खिडकी उघडून. खिडकीतून आत यायचे ते डास, पण नाना म्हणायचे, "बघा, आज कशी सुटली." आणि मागचं शीड कायम पूर्ण उघडलेलं. आकडा जिथे संपतो तिथे. त्यात चिमूटभरसुद्धा कमी करायची परवानगी नव्हती. शीड आवळून होडी पळते का कधी?

परिणाम असा, की वळणावर आमची गाडी घोरपडीसारखी रस्त्याला चिकटायची, आणि सरळ रस्ता आला की मागचे सगळे आम्हाला ओलांडून जायचे. मी वेगाचं बटण पूर्ण दाबून बसलेलो, आणि बाजूने एकेक गाडी सूं करून पुढे. माझा जीव खालीवर. नाना मात्र शांत. "वारा पडलाय," ते म्हणायचे.

रविवारी फोन आला की हेच दिनेशला सांगायचे. "नाय रे, आज पन तू पुढं. वारा पडला होता." तिकडून दिनेश काहीतरी विचारायचा. मग नाना उभे राहायचे, फोनची वायर ताणायचे आणि हाताने हवेत होडी दाखवत बोलायचे. स्प्रिंग, नाळ, निरम, सगळं. अर्धा अर्धा तास. मावशी शेजारी पदर खोचून उभ्या. फोन त्यांच्या हाती यायचा तेव्हा दिनेशला परत कामावर जायची वेळ झालेली असायची. एकदा त्या माझ्यावरच उखडल्या. "तुमीच ह्यांना गाडीचं याड लावलं. आदी बरं होतं. 'जेवला?' 'जेवलो.' 'मासं भेटतात?' 'भेटतात.' झालं यांचं बोलनं, का फोन माज्याकडं. आता मी पोराला जेवला का ते कवा इचारू?"

मी मावशींची माफी मागितली आणि पुढल्या सकाळी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलो. मलाही आता दिनेशला हरवायचं होतं.

एकदा कारखान्यात जेवायच्या सुट्टीत मी हे दुखणं आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरला सांगितलं. तो डबा खाता खाता एवढा हसला की त्याला ठसका लागला. तो पंख शीड नव्हे, तो म्हणाला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला असतो, गाडीला खाली दाबतो. वळणावर त्याचा फायदा, सरळ रस्त्यावर मात्र तो गाडीला मागे ओढतो. जितका जास्त पंख, तितकी गाडी हळू.

दुसऱ्या दिवशी मी नानांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, "नाना, ते शीड नाहीच. तो नांगर आहे. इतके दिवस आपण नांगर टाकून होडी हाकतोय."

नाना म्हणाले, "साताऱ्याला समुद्र हाय?"

"मी मिरजेचा."

"मिरजेला हाय?"

"नाही."

"मंग."

विषय संपला असता. पण मावशी मध्ये पडल्या. "आवो, एकदा बघा तरी. बिचारा झोप मोडून येतो." नाना खुर्चीमागून बाजूला झाले. खिडकीसुद्धा उघडली नाही. मी पटकन मागचा पंख निम्म्यावर आणला, पुढचाही त्याला साजेसा उतरवला, आणि गाडी बाहेर काढली.

काय सांगू! सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली की मी खुर्चीत ताठ झालो. जे रोज आम्हाला ओलांडून जायचे त्यांना मी मागे टाकत गेलो. वळणावर एकदोनदा शेपूट हललं, पण सावरलं. फेरी संपली आणि वेळ आली. दिनेशच्या वेळेपेक्षा चांगली दोन सेकंद कमी. मी खुर्चीवरून उडी मारली, "नाना! टाकला मागं!" म्हणून ओरडलो, मावशींनी हातातलं लाटणं वर केलं.

नाना पडद्याकडे बघत होते. चेहरा पडला होता. होडी बुडाल्यावर माणूस बघेल तसं बघत होते.

"पुसा," ते म्हणाले.

"काय?"

"ते टायमिंग पुसा. मागचं शीड व्हतं तिथं करा."

"नाना, अहो, महिनोन्‌महिने आपण..."

"पुसा बोललो ना!"

मी पुसलं. पंख होता तिथे नेला, पडद्यावर चादर टाकली आणि सरळ घरी आलो. मला मनापासून राग आला होता. अंधश्रद्धा एका हद्दीपर्यंत ठीक असते. म्हाताऱ्याला स्वतःची चूक कबूल करायची नाही म्हणून त्याने माझी जिंकलेली फेरी पुसायला लावली, असं मी सुनंदाला सांगितलं. तिचा निरमाचा राग अजून ताजा असल्यामुळे तिने मला भक्कम पाठिंबा दिला.

खाली येऊन मी स्कूटरला किक मारत होतो, तेवढ्यात नाना जिना उतरून आले. गुडघे धरत धरत आले. माझ्या डब्याची पिशवी त्यांनी डाव्या बाजूच्या हूकवरून काढून मधोमध ठेवली, स्कूटर हलवून पाहिली, आणि मग म्हणाले, "सातारकर, रागावला."

मी पुन्हा किक मारली.

"दिनेश होडीत बसला का ओकायचा," नाना स्कूटरच्या हँडलकडे बघत म्हणाले. "लहान व्हता तवापासून. तांडेलाचा पोरगा, आन समुद्र लागतो. एकदा बंदरावर सगळ्यांदेखत मी त्याला बोललो, तू माजा पोरगाच नाय. रागात बोललो. तवापासून त्यो बोलायचाच बंद झाला. वर्षं गेली. बहारीनला गेला तवापन पाया पडला, बोलला नाय काय. फोन करायचा तर जेवलो, बरा हाय, एवढंच."

त्यांनी पिशवी पुन्हा एक चिमूट सरकवली.

"आता इचारतो, नाना निरम पुढं घेतलं तर काय व्हईल? नाळ जड झाली तर काय करायचं? जे होडीवर शिकवायचं राहिलं, ते मी फोनवर शिकवतो. त्यो ऐकतो. आज तुमी गाडी बसवली. बसल्या गाडीचं काय बोलनार? रविवारी मी त्याच्याशी काय बोलू, सांगा."

मी स्कूटर बंद केली. मग म्हणालो, "नाना, तो खेळच आहे. वारा कधीही पडू शकतो."

"तुमीच सांगा त्याला मंग," नाना एकदम उजळले. "रविवारी या. तुमी सांगितलं तर खरं वाटंल. बोटं तुमची हायत."

रविवारी जेवणं उरकून मी गेलो. फोन वाजला तेव्हा नाना गच्चीवर वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायला गेले होते आणि मावशींचे हात पिठात. मी फोन उचलला. दिनेशशी मी त्याआधी फारसा बोललो नव्हतो.

"काका, बरं झालं तुम्हीच उचललात," तो म्हणाला. "एक विचारू? नाना आहेत का जवळ?"

"गच्चीवर आहेत."

"ते अजून मागचा विंग फुल्लच ठेवतात ना?"

मी घुटमळलो. "हो. म्हणजे... ते त्याला शीड म्हणतात."

"मला माहीत आहे," दिनेश हसला. "त्यांना सांगू नका हां, प्लीज. इथे माझे रूमवाले मला वेड्यात काढतात. मीपण फुल्लच ठेवतो. नाहीतर आमचं टायमिंग जवळजवळ येणार कसं? फार पुढे गेलो तर ते कंटाळून सोडून देतील. मग बोलायचं काय त्यांच्याशी?"

जिन्यावर पावलं वाजली. नाना धापा टाकत आत आले, माझ्या हातातून फोन घेतला, आणि भुवया उंचावून मला खूण केली, सांगितलं का? मी मान डोलावली.

"हां, बोल," नाना म्हणाले. "सातारकरांनी सांगितलं ना? नाय रे, ह्या येळी तर बिलकुल नाय. सगळा आठवडा वारा पडला व्हता. तुजं? ... आँ? तिकडं पन पडला?" त्यांनी फोनवर हात ठेवला आणि डोळे मोठे करून मला म्हणाले, "बहारीनला पन पडलाय." मग पुन्हा फोनमध्ये, "मंग आसं कर, निरम एक चिमूट मागं घे. बाकी काय हलवू नको. एकच. काय बोलते ते मला सांग..."

मावशी पिठाचे हात तसेच धरून दारात उभ्या होत्या, आपली पाळी कधी येते ते बघत. भर दुपार होती. मतलई दुपारी येत नाही, एवढं एव्हाना मलाही कळत होतं. तरी मी उठलो आणि पूर्वेची खिडकी उघडली.